रोज सकाळची परवानगी

४ मार्च, सोमवार

आज वन्संचा कॉम्प्युटर नव्या लिनक्सवर नेला. त्यांना सांगितलं, पण विचारलं नाही. "जरा अपडेट करते हं," म्हटलं. त्यांनी विचारलं, "किती वेळ?" मी म्हटलं, "चहा होईपर्यंत."

चहा झाला, दुसरा झाला, रात्रीची भांडीही घासून झाली आणि वन्सं अजून गप्प आहेत. आजारपणात त्यांची वाचा गेली आणि अंगही गेलं. उजव्या हाताचं मधलं बोट तेवढं राहिलं. त्या बोटाखाली एक बटण ठेवलेलं असतं. समोर स्क्रीनवर मी लिहिलेला कळफलक असतो. त्याच्या ओळी एकेक करून उजळतात, हवी ती ओळ आली की वन्सं बटण दाबतात. मग त्या ओळीतली अक्षरं उजळतात, पुन्हा बटण. दर वेळी 'टक' असा आवाज होतो, म्हणून त्याचं नाव टकटक. वाक्य पुरं झालं की दुसरा एक प्रोग्राम ते मोठ्याने वाचतो. हे मी वन्संसाठी लिहिलं, मग सगळ्यांसाठीच खुलं करून टाकलं. आता कुठकुठली माणसं वापरतात.

बिघडलं ते असं. स्क्रीनवर कुणी कुठे काय दाखवायचं आणि कळ दाबली तर ती कुणाला पोचवायची हे सांभाळणारी लिनक्सची जुनी यंत्रणा म्हणजे बिनदारांचं घर होतं. कुठल्याही प्रोग्रामने उठावं आणि दुसऱ्याच्या ताटात हात घालावा. टकटक तेच करायचा. अक्षर उचलायचा आणि वाचणाऱ्या प्रोग्रामला नेऊन द्यायचा. नव्या यंत्रणेत ज्याची त्याची खोली, ज्याची त्याची कडी. कुणी कुणाचं चोरून वाचू नये म्हणून हे केलंय आणि योग्यच आहे. फक्त टकटक दाराबाहेर राहिला.

हे मला सकाळीच ठाऊक होतं. वाटलं, उरकेल. शिवाय नव्या यंत्रणेवर टकटक चालतो असं जाहीर करायची मला घाई झाली होती. तपासायला खरं वापरणारं माणूस हवं होतं आणि ते घरातच होतं.

नवऱ्याने विचारलं, "जुनं परत नाही का टाकता येणार?" मी म्हटलं, अवघड आहे. अवघड नाही, कंटाळवाणं आहे.

६ मार्च, बुधवार

कपाटावरून अक्षरांचा जुना पुठ्ठा काढला. मी बोट फिरवायचं, हव्या अक्षरावर आले की वन्संनी बोट उचलायचं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. फार हळू चालतं. दोन अक्षरं झाली की मीच शब्द पुरा करते, "पाणी? पाय? पांघरूण?" बहुतेक वेळा बरोबर निघतो. चुकला तरी दोन वेळा बोट हलवण्यापेक्षा 'हो' म्हणणं त्यांना सोपं जात असावं. दुपारी पांघरूण घातलं आणि त्या घामाघूम झाल्या.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते. घर शांत आहे. वन्सं आजारापूर्वी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या, बोलण्याचीच नोकरी. टकटक आल्यावर सगळी कसर भरून काढली. स्वयंपाकघरात काही पडलं की आतून तो यांत्रिक आवाज, "कारभारीण, भांडं होतं की तू?" मला त्या कारभारीणच म्हणतात. भाजी खारट झाली की, "समुद्र जवळ आला वाटतं." नवरा हसतो, मीही हसते. पण तीन दिवस कुणी काही बोललं नाही तर माझं काम किती झालं.

९ मार्च, शनिवार

जमलं! अक्षर गेलं. पाच-सहा रस्ते धुंडाळल्यावर एक सापडला. नव्या यंत्रणेत रीतसर परवानगी मागितली तर ती अक्षरं पलीकडे पोचवते. वन्संच्या समोर सुरू केलं. टक, टक, टक. तो ओळखीचा आवाज म्हणाला, "चहा झाला का?"

नवऱ्याच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मी पण हसले, पण सोमवारचं ते वाक्य त्यांनी इतके दिवस सांभाळून ठेवलं होतं, हे ध्यानात आलं आणि हसू जरा आखडलं.

एक त्रास उरलाय. कॉम्प्युटर सुरू झाला की यंत्रणा दर वेळी एक चौकट दाखवते. "टकटकला तुमच्या वतीने टाइप करू द्यायचं?" खाली दोन बटणं, 'परवानगी द्या' आणि 'नको'. ते वन्संना दाबता येत नाही. दाबायला टकटक लागतो आणि टकटकला अजून परवानगीच नसते. सकाळी मी येऊन दाबते. एका बोटाचं काम.

नवी आवृत्ती लगेच जाहीर केली. खूप शाबासक्या. एका गृहस्थांनी, ते गालाने बटण दाबतात, लिहिलं, "माझ्याकडे सकाळी कुणी नसतं. परवानगी कोण देणार?" मी उत्तर दिलं, "घरातलं कुणीतरी." मग वाटलं, त्यांनी पहिल्या वाक्यात काय लिहिलंय ते मी वाचलंच नव्हतं.

याहून चांगला रस्ता आहे. यंत्रणेने टकटकला स्वतःचाच कळफलक मानायचं, मग चौकटच नाही. पण त्यासाठी अर्धा टकटक पुन्हा लिहावा लागेल. बघू.

१२ मार्च, मंगळवार

आज एक जुनी चूक काढली. वन्संच्या खिडकीत टेबललॅम्प आहे. बटण जरा जास्त वेळ दाबून ठेवलं की तो लागतो, पुन्हा दाबून ठेवलं की विझतो. ही सोय मीच केली होती. टकटक आपोआप ठेवतो त्या नोंदी चाळताना दिसलं की हा दिवा भर उजेडात लागतो-विझतो, लागतो-विझतो. सकाळी दोनदा, दुपारी दोनदा. उन्हात दिवा कुणाला हवाय? बोट थरथरून बटण दाबलेलं राहत असणार, दुसरं काय. दिव्याची जोडणीच काढून टाकली. आता रात्री मी किंवा नवरा येऊन विझवू.

वन्संनी टाइप केलं, "दिवा". मी म्हटलं, "हो, दिव्याचं बघितलं मी. आता त्रास नाही." मागून "नको" ऐकू आलं, तोवर मी जिन्यात होते. माझा इतका वेळ जातो याचा त्यांना संकोच वाटतो.

१५ मार्च, शुक्रवार

जेवणाच्या टेबलावर बसून काम करणं आता अशक्य झालंय. जेवायच्या वेळी सगळं उचला, जेवण झालं की पुन्हा मांडा. जेवताना मी सहज म्हटलं, वन्संना मागची खोली सोयीची नाही का? बाथरूम अगदी लागून आहे. अंघोळ घालणाऱ्या मावशींना त्यांना चाकाच्या खुर्चीवरून पॅसेजभर न्यावं लागतं, तेवढं वाचेल. नवरा म्हणाला, "खरंच की. पण ताईला विचारू आधी. रविवारी दादा येतोय, त्याच्यासमोरच विचारू."

यात माझं एकही वाक्य खोटं नव्हतं. वन्सं आहेत त्या पुढच्या खोलीत उजेड छान आहे आणि माझं टेबल खिडकीशी नेमकं बसेल, हे मी बोलले नाही इतकंच. टेप घेऊन मोजून आले तेव्हा वन्सं बघत होत्या. पडद्यांसाठी मोजते, असं सांगितलं. मग हे एक वाक्य खोटं झालं.

१७ मार्च, रविवार

मोठे भाऊजी लवकर आले. दाराची बेल, चहा, त्यांचे जोडे, त्यांचा गुडघा, या गडबडीत मी चौकटीवर परवानगी द्यायला विसरले.

असं मी दुपारी नवऱ्याला सांगितलं. इथे तसं लिहून चालणार नाही. विसरले नाही. वन्संचा कॉम्प्युटर सुरू केला, चौकट आली. मी माउसवर हात ठेवला. आणि मनात आलं, आता या बोलायला लागल्या की खोलीचं काही होत नाही. भाऊजींना चार वाक्यांत गुंडाळतील. मग मी माउस सोडला, पडदा सरकवला, "आज ऊन छान आहे नाही?" म्हटलं आणि बेल वाजायच्या आधीच खोलीतून बाहेर पडले.

भाऊजी खाटेजवळ खुर्ची ओढून बसले. "ताई, मागच्या खोलीत तुला बाथरूम जवळ पडेल, हो ना?"

बोट एकदा उचललं गेलं. जवळ पडेल हे खरंच आहे.

"चला, ठरलं," भाऊजी म्हणाले. "उगाच आपण घाबरत होतो."

मग बोट दोनदा उचललं गेलं. थोडं थांबून पुन्हा दोनदा. भाऊजी उठत होते, नवरा त्यांना हात देत होता. भाऊजींचं जाताजाता लक्ष गेलं, म्हणाले, "दमली बिचारी. पडू दे तिला." मी दोन्ही वेळा नीट पाहिलं होतं. मी म्हटलं, "हो, दमल्यात."

भाऊजी गेल्यावर, जेवणं झाल्यावर, मी परवानगी दिली. वन्संनी दिवसभर एक अक्षर टाइप केलं नाही.

२० मार्च, बुधवार

खाट मागे हलवली. मागच्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते. भिंत नुकती रंगवलेली आहे, तशी वाईट दिसत नाही.

सकाळी मी नेमाने परवानगी देते, अगदी वेळेवर. तरी वन्सं बोलत नाहीत. स्क्रीनवर ओळी आपापल्या उजळत राहतात, वरून खाली, पुन्हा वरून, आणि बोट बटणावर नुसतं पडून असतं. मावशींनी विचारलं, "ताई बोलत का नाहीत? मशीन बिघडलं का?"

"हो, जरा बिघडलंय," मी म्हटलं. "करतेय मी."

मशीनला काहीही झालेलं नाही.

२३ मार्च, शनिवार

माझं टेबल खिडकीशी लागलं. उजेड खरंच सुरेख. समोर रस्त्यापलीकडे चष्म्यांचं दुकान आहे. या घरात इतकी वर्षं राहून मी त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. दुकानाचे मालक पन्नाशी उलटलेले, शांत दिसणारे. सकाळी शटर उघडलं की पायरीवर उभं राहून डोळ्यांवरचा चष्मा काढतात आणि वर धरतात. काच स्वच्छ आहे का बघत असावेत. आज बराच वेळ धरून उभे होते. दुपारी दुकान बंद करताना पुन्हा तेच. मग थेट माझ्या खिडकीकडे बघायला लागले. मी पडदा ओढून घेतला. एवढा उजेड मिळवला आणि पडद्यामागे बसून काम करतेय.

शांतता आता पूर्वीसारखी छान वाटत नाही. काल पातेलं पडलं तर मी आतून आवाज येईल म्हणून थांबले.

२५ मार्च, सोमवार

दुपारी बेल वाजली. दारात चष्मेवाले, हातात काही नाही, पायांत दुकानातल्या चपला.

"माफ करा हं," म्हणाले. "पुढच्या खोलीतल्या ताई… बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. मागच्या खोलीत असतात आता."

"हां, मागे." त्यांनी मान हलवली. "नाही, दिवा दिसला नाही बरेच दिवस, म्हणून आपलं. मग तुम्ही दिसलात खिडकीत. मला वाटलं…"

मी विचारलं, "कुठला दिवा?"

ते अवघडले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "मी सकाळी दुकान उघडलं की त्या दोनदा लावतात. जेवायला जाताना दोनदा. मी हा असा वर करतो. बरीच वर्षं चाललंय. तसं त्यात काही नाही, सवय लागली."

म्हटलं, "आत या ना, भेटा त्यांना. जाग्याच आहेत."

"नको नको. आधी त्यांना विचारा. त्यांचं हो असेल तर येईन."

ते पायऱ्या उतरून गेले. मी दारातच उभी राहिले. बोट थरथरतं म्हणून मी दिवा तोडला होता. नोंदीत रोजची तीच वेळ होती, आणि मला त्यात फक्त बिघाड दिसला. "नको" पण मी ऐकलं होतं.

मागच्या खोलीत गेले. म्हटलं, "समोरचे चष्मेवाले आले होते. तुमची चौकशी करत होते. दिवा दिसत नाही म्हणाले."

वन्संनी डोळे मिटले आणि पुष्कळ वेळाने उघडले. मग बोट हललं. टक, टक. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तो आवाज म्हणाला, "बरे आहेत ना?"

"बरे आहेत. दुकान वेळेवर उघडतात. रोज चष्मा वर करतात." मला रडू यायला लागलं आणि रडायचा हक्क आपला नाही हेही कळत होतं. म्हणून जे सांगायचं होतं ते भरभर सांगून टाकलं. "वन्सं, भाऊजी आले त्या दिवशी मी परवानगी द्यायला विसरले नव्हते."

त्यांनी बरंच टाइप केलं. मी खाटेच्या कडेला हात धरून उभी होते. शेवटी आवाज आला, "चौकट माझ्याच समोर होती. जेवणापर्यंत तेच वाचत होते. परवानगी द्या, नको."

खरं तर इतकं सोपं होतं ते. स्क्रीन त्यांच्याचसमोर आहे, दिवसभर. मी त्यांच्याकडे पाठ करून पडदा सरकवला आणि मला वाटलं कुणी पाहिलं नाही.

२६ मार्च, मंगळवार

नवऱ्याला सगळं सांगितलं, टेपचंसुद्धा. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "दोनदा बोट हललं तेव्हा मी कुठे होतो?" मी म्हटलं, दादांना हात देत होतास. तो बराच वेळ हाताकडे बघत बसला.

माझं टेबल परत जेवणघरात आणलं. खाट संध्याकाळी हलवू म्हणाला. मी म्हटलं, आधी विचारू. विचारलं. वन्संनी उत्तर दिलं, "आज. आणि तुझ्या भाऊजींना फोन लाव, मी बोलणार आहे." स्पीकरवर लावून दिला आणि बाहेर गेले. बराच वेळ टकटक चालू होतं. भाऊजींचा आवाज एकदाच आला, "बरं बाई, चुकलं."

३१ मार्च, रविवार

अर्धा टकटक पुन्हा लिहिला. पहिल्याच दिवशी हे करायला हवं होतं, पण तेव्हा मला टाळ्या हव्या होत्या. आता टकटक बाहेरून दार ठोठावत नाही. नवी यंत्रणा सुरू होताना त्याला स्वतःबरोबरच उठवते आणि तिच्या लेखी तोच या कॉम्प्युटरचा कळफलक आहे. चौकट येत नाही. गालाने बटण दाबणाऱ्या गृहस्थांना सगळ्यांच्या आधी पाठवला आणि त्या उत्तराबद्दल माफी मागितली. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, "सकाळी कुणी नव्हतं. चाललं."

दिव्याची जोडणी पुन्हा केली. आता नोंदीत दिव्याचं काहीही लिहिलं जात नाही. तो माझ्या बघण्याचा विषय नाही.

१ एप्रिल, सोमवार

सकाळी मी वन्संच्या खोलीच्या दारात उभी होते, हात मागे बांधून. कॉम्प्युटर आता ठरल्या वेळी आपला आपण सुरू होतो. स्क्रीन उजळली. चौकट आली नाही. कळफलकाची पहिली ओळ उजळली, मग दुसरी.

वन्सं स्क्रीनकडे बघत नव्हत्या. रस्त्यापलीकडे शटर वर जात होतं. खिडकीतला दिवा लागला, विझला, लागला, विझला. मी रस्त्याकडे बघितलं नाही. वन्संच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तेवढ्यानेही आगाऊपणा केल्यासारखं वाटलं.

जावं की थांबावं कळेना. पण गेला आठवडाभर एकच गोष्ट विचारायची राहिली होती. म्हटलं, "वन्सं, रागावला आहात का अजून माझ्यावर? हो की नाही, तेवढंच सांगा."

टक, टक. "हो-नाहीचे प्रश्न आता बंद, कारभारीण. नीट विचार."

मी खुर्ची ओढून बसले. बराच वेळ लागला मला ते वाक्य जुळवायला. शेवटी म्हटलं, "त्या दिवसाबद्दल तुम्हाला माझ्याशी काय बोलायचंय?"

बोट बटणावर गेलं. तेव्हापासून टकटक चालू आहे. मावशी येऊन दारातून परत गेल्या. चहा निवला. स्क्रीन माझ्याकडे वळवलेली नाही आणि मी वाकून बघितलेलं नाही. दोन-तीनदा पुढचा शब्द माझ्या तोंडाशी आला, तो गिळला. वही मांडीवर घेऊन हे लिहितेय, कारण हाताला काहीतरी काम हवं.

वाक्य बरंच लांब आहे. मी बसले आहे.